यात्रीगण, कृपया ध्यान दें

प्रश्न : मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मराठी. घर शिरपूरकडचं. दादाचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम (स्वमग्नता) आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात सगळे अहिराणी बोलतात, पण हा बोलतो ते कार्टूनमधलं हिंदी. यावर मला ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी प्रकल्प करायचा आहे. माझी एक मैत्रीण इंजिनिअरिंगला आहे, तिला अशा मुलांसाठी अ‍ॅप करायचं आहे. आमचे सर म्हणाले, हा विषय मेडिकलवाल्यांचा, तू आपल्या बहिणाबाई घे. विषय सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. बहिणाबाई कुठे जात नाहीत, त्या पुढच्या वर्षीही असतील.

भुसावळला मी सव्वीस वर्षं विशेष मुलांना शिकवलं. त्यातला एक रेल्वे क्वार्टरमधला होता. आई कामात असली, कुणाचं लक्ष नसलं, की हा म्हणायचा, “यात्रीगण, कृपया ध्यान दें.” अगदी फलाटावरच्या बाईंचा सूर. मी वहीत ‘असंबद्ध बडबड’ असं लिहून मोकळी व्हायचे. दोन वर्षं लिहिलं. मग एकदा त्याच्या आईच्या हातून पोळी करपली, सगळे तिकडे वळले, आणि याने लगेच घोषणा दिली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, हा ‘माझ्याकडे बघा’ म्हणतोय! हे कळायला मेडिकलची पदवी नव्हे, कान लागत होता, आणि तो माझ्याकडे नव्हता.

लिओ कॅनर या डॉक्टरने 1943 मध्ये अकरा मुलांची टिपणं छापली, तिथून ऑटिझमचा आजचा अभ्यास सुरू झाला असं धरतात. ती मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायची, स्वतःला ‘तू’ म्हणायची. 1946 मध्ये त्याने आणखी एक लेख लिहिला, फक्त या मुलांच्या विचित्र वाटणाऱ्या वाक्यांवर. प्रत्येक वाक्य मुलाने पहिल्यांदा कुठे ऐकलं, तेव्हा काय घडत होतं, हे शोधलं की अर्थ लागतो, असं त्याला दिसलं. माणूस डॉक्टर, पण काम केलं तुमच्या मराठी विभागाचं.

त्यात आपल्या भाषेत एक जास्तीची गंमत आहे. माझ्याकडचा एक मुलगा “मी येते” म्हणायचा, कारण आई तसं म्हणायची. इंग्रजीत येतो-येते हा भेदच नाही, म्हणजे तिथल्या अभ्यासकाला हा प्रश्नच पडणार नाही. तो तुलाच पडायला हवा. (लहानपणी पुष्कळ मुलं असं बोलतात हे खरं, पण सहाव्या वर्षी?)

घरची बोली सोडून पडद्यावरची प्रमाण भाषा उचलणं हे नॉर्वेतल्या अभ्यासकांनाही तिथल्या काही मुलांत आढळलं आहे. तुझ्या घरी कदाचित कुणी सांगितलंही असेल, की याच्याशी फक्त मराठीच बोला, अहिराणी बंद करा. ऐकू नका. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिझम होत नाही, आणि असलेला वाढतही नाही. उलट आजी गप्प बसते, आणि दिवसभर त्याच्याशी बोलणारं एकुलतं एक माणूस जातं.

विद्यार्थ्याला काय जमणार, असं सर म्हणतील तर त्यांना सांग : दुसऱ्याच्या मनातला समज मुलाला ओळखता येतो का, हे दोन बाहुल्या, टोपली, डबा आणि एक गोटी घेऊन पाहणारा ‘सॅली-अ‍ॅन’ प्रयोग 1985 मध्ये छापून आला, तेव्हा तो करणाऱ्यांपैकी सायमन बॅरन-कोहेन पीएच.डी.चा विद्यार्थी होता. टेम्पल ग्रँडिन तर स्वतः ऑटिस्टिक. मावशीच्या रँचवर गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा तिने पाहिला, त्यात गुरं शांत होतात हे हेरलं आणि तसंच यंत्र स्वतःसाठी बनवलं. पुढे डॉक्टरेट केली ती पशुविज्ञानात.

मैत्रिणीला म्हणावं, अ‍ॅप राहू दे. त्याआधी मे महिन्यात एका घरात दुपारभर बस. आपल्याकडे पत्र्याची खोली, वर पंखा, खिडकीत कूलर. आमचा एक ‘हट्टी’ मुलगा दुपारीच डोकं आपटायचा. कूलर बंद केला की थांबायचा, आणि मग आम्ही घामाने निथळत शिकवायचो. कमी आवाजाचा कूलर हा खानदेशातल्या इंजिनिअरने करण्याजोगा प्रकल्प आहे. तुमच्या स्पर्धेत भाषेचा गट वेगळा, तंत्रज्ञानाचा वेगळा. दोघी दोन प्रकल्प करा, घर मात्र एकच ठेवा.

एक प्रश्न वहिनीला विचारू नकोस : गरोदरपणी काय खाल्लं, मोबाईल किती दिला. शास्त्रज्ञांनीच एके काळी आयांना ‘थंड’, म्हणजे माया नसलेल्या, ठरवून पोराच्या ऑटिझमचं खापर त्यांच्यावर फोडलं होतं. तो समज बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये पुस्तक लिहून खोडून काढला. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. 1977 च्या जुळ्यांच्या अभ्यासाने तर आनुवंशिकतेकडे बोट दाखवलं. आपल्या गल्लीत ती बातमी अजून पोचायची आहे.

दादा-वहिनींची लेखी संमती घे, कॉलेजच्या नीतिशास्त्र समितीला दाखव. पोराने रेकॉर्डिंगच्या फोनवर हात ठेवला तर तेही ‘नाही’च, लगेच बंद कर. त्याचं नाव, गाव, फोटो कुठेही नको.

मग एक वही घाल. तो बोलला ते वाक्य, आधी कोण काय बोललं, नंतर काय घडलं, एवढंच. बरोबर-चूक लिहू नकोस, माझी दोन वर्षं त्यातच गेली. आणि आजी “तुले पानी जोयजे का?” विचारते तेव्हा तो हात पुढे करतो की नाही, ते पहिल्याच दिवशी बघ आणि मला कळव. अहिराणी बोलत नाही म्हणतेस, पण समजते का ते तू पत्रात लिहिलंच नाहीस.