हनोईत हातात फक्त अर्धा दिवस आहे. कन्फ्यूशियसचं मंदिर, म्हणजे वान मियू, बघावं का?

नक्की बघा, आणि सकाळी दार उघडताच जा. नंतर सहलींच्या बस येतात. मंदिर 1070 सालचं. एकामागोमाग पाच चौक आहेत. पहिल्या दोन चौकांत झाडं आणि हिरवळ, तिथे रेंगाळू नका. पुढे खुए वान काक हा 1805 चा मनोरा लागतो: खाली विटांचे चार चौकोनी खांब, वर लाकडी मजला आणि सूर्यासारखी किरणं असलेली गोल खिडकी. खिशातली एक लाख डोंगची नोट उलटून बघा, त्यावर हाच आहे!

खरा वेळ द्या तिसऱ्या चौकाला. मधोमध चौकोनी तळं आणि दोन्ही बाजूंना दगडी कासवांच्या पाठीवर उभे 82 शिलालेख. 1442 ते 1779 मधल्या राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं त्यांवर चिनी लिपीत कोरलेली आहेत. पास होण्यासाठी मुलं कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायची. डोकी पार गुळगुळीत झालीत, म्हणून आता कठडा आहे. (आपल्याकडे परीक्षेआधी गणपतीला नारळ, तसंच.)

शेवटचा चौक 2000 साली नव्याने बांधलेला, घाईत असाल तर सोडा. गुडघे झाकलेले कपडे घाला.