वाचकांचे प्रश्न : एकाच ईसीजीचे दोन आकडे कसे?

प्रश्न : माझी १३ वर्षांची भाची शाळेच्या मैदानावर धावताना घेरी येऊन पडली आणि मिनिटभरात उठून बसली. ईसीजीवर मशीनने क्यूटीसी ५०० छापला. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच पट्टीवरून ४६४ काढला. तिची आजी, म्हणजे माझी आई, चाळिशीत झोपेतच गेली होती. आता घरातल्या सगळ्यांचे ईसीजी मागितले आहेत. कोणता आकडा खरा? आणि सगळ्यांचे कशाला?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : गणित दोघांचंही बरोबर आहे, सूत्रं वेगळी आहेत. क्यूटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज पसरायला आणि ओसरायला लागणारा वेळ. नाडी जलद झाली की तो आपोआप कमी होतो, म्हणून नाडीचा हिशेब धरून सुधारित आकडा काढतात, तो क्यूटीसी. नेहमीच्या पट्टीवर कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असतो, म्हणजे एक छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. भाचीच्या पट्टीवर क्यूटी १० चौकोन म्हणजे ४०० मिलिसेकंद आणि दोन ठोक्यांतलं अंतर १६ चौकोन म्हणजे ०.६४ सेकंद असेल, तर हे दोन्ही आकडे जुळतात. ०.६४ चं वर्गमूळ ०.८, ४०० भागिले ०.८ म्हणजे ५००. हे बॅझेटचं सूत्र. फ्रिडेरिशिया घनमूळ घेतात, त्यात ४६४ येतो. दोन्ही सूत्रं १९२० सालची. ०.६४ सेकंदाला नाडी ९४ पडते, आणि नाडी जलद असताना बॅझेटचा आकडा फुगतो. पोर घाबरलेलं असलं की नेमकं हेच होतं. दहा-पंधरा मिनिटं शांत पडू द्या, नाडी ६० ते ७० च्या आसपास आली की पुन्हा पट्टी काढायला सांगा.

मशीनच्या आकड्यावर थांबू नये. पट्टीवरची लीड दोन किंवा व्ही-५ ही ओळ घ्यावी, टी लाटेच्या (ठोक्याच्या शेवटी उठणाऱ्या उंचवट्याच्या) सर्वांत तीव्र उतारावर पट्टीने रेघ ओढावी आणि ती बेसलाइनला (लाटांमधल्या सपाट रेषेला) जिथे छेदते तिथे क्यूटी संपला असं धरावं. टी नंतर छोटी यू लाट असेल तर मशीन कधी कधी तीही मोजून आकडा वाढवून ठेवतं.

पण ४६४ ऐकून निर्धास्त होऊ नका, हे आम्ही कळकळीने सांगतो. धावताना शुद्ध हरपणं आणि घरात तरुण वयातला अचानक मृत्यू, या दोन गोष्टी कुठल्याही आकड्यापेक्षा भारी आहेत. तपास पूर्ण होईपर्यंत धावणं, पोहणं बंद. अशा मुलांना ‘फिट येते’ म्हणून वर्षानुवर्षं मिरगीची औषधं दिली गेल्याची उदाहरणं वैद्यकात भरपूर आहेत.

लाँग क्यूटीचा, म्हणजे क्यूटी जास्त लांबण्याचा, दोष बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. तुमच्या आईला तो असेल तर भाचीच्या आईइतकाच तुमचाही ईसीजी गरजेचा आहे. तुम्ही स्वतःला यादीतून वगळू नका. सगळ्यांच्या पट्ट्या एकाच वेगाच्या हव्यात, शेजारी ठेवून पाहायच्या. टी लाटेचा आकारही बोलतो : रुंद पायाची टी लाँग क्यूटीच्या पहिल्या प्रकारात, बुटकी आणि खाच पडलेली दुसऱ्यात, लांब सपाट रेषेनंतर उशिरा उठणारी तिसऱ्यात. पहिल्या प्रकारात धावणं-पोहणं घातक, दुसऱ्यात पहाटेचा गजर किंवा कानाशी फुटलेला फटाका, तिसऱ्यात झोप. जनुकदोष असूनही बऱ्याच जणांचा साधा ईसीजी नॉर्मल निघतो. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ स्ट्रेस टेस्ट करतात आणि पळणं थांबल्यावर चौथ्या मिनिटाचा क्यूटीसी पाहतात. आजी झोपेत गेल्या म्हणून ब्रुगाडा हा हृदयाच्या विजेचा दुसरा आनुवंशिक दोषही तपासायला हवा. त्यासाठी व्ही-१ आणि व्ही-२ हे छातीवरचे इलेक्ट्रोड नेहमीपेक्षा एक-दोन फासळ्या वर लावून आणखी एक पट्टी मागा.

जुन्या पट्ट्या फेकू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका : थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो. मोबाइलवर चौकोन दिसतील असा सरळ फोटो काढा. तारीख, ताप होता का, कोणतं औषध सुरू होतं, हे लिहून ठेवा. अझिथ्रोमायसिन, डॉम्पेरिडोन, ओन्डानसेट्रॉन ही औषधं क्यूटी लांबवतात. मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या की पोटॅशियम घटतं, त्यानेही लांबतो. घरात हा संशय असताना मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

प्रश्न : होल्टर (अंगावर बांधून सलग ईसीजी टिपणारं यंत्र) लावला, पण घामाने इलेक्ट्रोड सुटले. रेकॉर्डिंग वाया गेलं का?
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : किती तास स्वच्छ मिळाले यावर आहे. पुढच्या वेळी आंघोळ करून या, छातीला तेल-पावडर नको. केस असतील तर काढून, त्वचा कोरडी पुसून, कापसाने हलकी घासूनच इलेक्ट्रोड लावायला सांगा. वायरचा एक वेढा टेपने चिकटवा, म्हणजे ओढ इलेक्ट्रोडवर येत नाही. सैल वायरची थरथर कागदावर हुबेहूब धोकादायक झटक्यासारखी दिसते, म्हणून सुटलं की वेळ डायरीत टिपा. घेरी, धडधड, जिना, झोप यांच्याही वेळा मिनिटासकट लिहा.