रक्त तपासावे लागणारे औषध मुलाला द्यावे का?

“ज्या गोळीसाठी दर आठवड्याला रक्त काढावे लागते, ती गोळी विषच नाही का?” स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. गोळी असते क्लोझापिनची. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही भास व संशय हटत नाहीत, तेव्हा मनोविकारतज्ज्ञ ती सुचवतात.

अशीच एक आई पंचविशीतल्या मुलाला घेऊन आली. डॉक्टरांची चिठ्ठी तिने इतके दिवस पर्समध्ये घडी घालून ठेवली होती की घडीवरची अक्षरे पुसट झाली होती. गोळीने रक्तातल्या पेशी कमी होतात, असे तिने ऐकले होते. ते खोटे नाही, हे मी आधी मान्य केले. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये हे औषध घेणारे काही रुग्ण पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाने दगावले आणि अनेक देशांनी ते बंद केले. पुढे इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर त्याचा गुण सिद्ध झाला, तेव्हा १९८९ मध्ये अमेरिकेने नियमित रक्ततपासणीच्या अटीवर त्याला मान्यता दिली.

माहितीने भीती निम्मीच जाते. उरलेली भीती माणसाने स्वतःच्या तोंडाने शेवटपर्यंत बोलून दाखवावी लागते, असे मी मानते.

“ताई, तपासणीत पेशी कमी दिसल्या, तर काय होईल?” मी तिला विचारले.

“डॉक्टर गोळी बंद करतील.”

“आणि तपासणीच केली नाही, तर?”

ती बराच वेळ गप्प राहिली. “तर कळणारच नाही. म्हणजे रक्त काढतात ते त्याला जपण्यासाठी.”

हे उत्तर मी दिले असते, तर ते माझे राहिले असते. त्यानंतर, तोवर खाली मान घालून बसलेला मुलगा प्रथमच बोलला : “आई, आवाज मला रोज गच्चीवर चल म्हणतात. सुईची भीती तुला आहे, मला नाही.” त्या घरात औषधाच्या धोक्याची चर्चा रोज होत होती, आजाराच्या धोक्याची मात्र कोणीच करत नव्हते. स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी हेच औषध विशेष ओळखले जाते. त्याच आठवड्यात पहिली तपासणी झाली, आणि काही महिन्यांनी आवाज पूर्ण गेले नसले तरी त्यांचा हुकूम चालेनासा झाला.

औषध ठरवणे डॉक्टरांचे काम. घराने काय पाहावे, हे मी आवर्जून सांगते. पेशी धोकादायक प्रमाणात घटण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे आणि तो धोका पहिल्या १८ आठवड्यांत सर्वाधिक असतो. मात्र ताप आला किंवा घसा दुखला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासावे. रात्री लाळेने उशी भिजते, झोप वाढते, वजन आणि साखरही वाढू शकते. बद्धकोष्ठाकडे लोक लाजेने दुर्लक्ष करतात, पण त्याने आतडे बंद पडून जीवही जाऊ शकतो. विडी-सिगारेट अचानक सोडली, तर औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. आणि गोळी दोन दिवसांहून अधिक चुकली, तर आधीची पूर्ण मात्रा आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. डॉक्टर ती बहुधा १२.५ मिलिग्रॅमपासून नव्याने चढवत नेतात.