दिवाणसाहेबांचा लंडनचा मतदारसंघ

प्रश्न : आपल्या बडोद्याचे दिवाण दादाभाई नौरोजी लंडनहून खासदार झाले, तो मतदारसंघ अजून आहे का? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : नाही हो, सेंट्रल फिन्सबरी १८८५ला झाला नि १९१८ला गुंडाळला. दादाभाई आधी १८८६ला हॉलबर्न या लंडनच्याच दुसऱ्या मतदारसंघात हरले, मग पंतप्रधान सॉल्सबरींनी 'काळा माणूस' म्हणून टोमणा मारला, तो उलट यांच्याच पथ्यावर पडला, नाव घरोघरी झालं! १८९२ला सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षाच्या तिकिटावर उभे राहून पेंटन या सिटिंग खासदाराला पाडलं, तेही बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी, फेरमोजणीपर्यंत प्रकरण गेलं. १८९५ला मात्र सीट गेली, आणि गंमत बघा, त्याच वर्षी दुसरे पारशी, भावनगरी, बेथनल ग्रीनमधून निवडून आले, तेही विरोधी कंझर्व्हेटिव्ह पक्षाकडून.