काटा पालीतच दिसला होता

“गाडी अचानक बंद पडली, दुरुस्तीत साठ-सत्तर हजार गेले, तेव्हापासून झोप नाही, पण एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे यायचे का?” हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो आणि विचारणारा बहुतेक वेळा दार अर्धवट उघडून उभा असतो. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय असल्यामुळे येथे मनाच्या त्रासाचे नाव काढले की थट्टा ठरलेली असते, त्यामुळे माणसे माझ्याकडे येण्याआधी स्वतःचे दुःख लहान करून घेतात. त्यातल्याच एका गृहस्थांची ही हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

गृहस्थ पन्नाशीला आलेले, एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुनी गाडी घेतली होती. मे महिन्यात मुंबईहून मोठे बंधू सहकुटुंब आले, राजापूरला लग्न होते आणि पाच माणसांनी भरलेली ती गाडी महामार्गावर लांज्याच्या अलीकडे बंद पडली. टोचन लावून तिला रत्नागिरीला परत आणावे लागले. मिस्त्रींनी आधी पंचवीस हजार सांगितले, हेड (इंजिनातील सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग) उघडल्यावर चाळीस सांगितले, आणि ते हेड फेसिंगसाठी, म्हणजे घासून सपाट करण्यासाठी, कोल्हापूरला जाऊन आल्यानंतर हिशेब बहात्तर हजारांवर थांबला. त्यांतले तीस हजार पतसंस्थेतल्या ठेवीवर कर्ज काढून आणि पंचवीस हजार सहकाऱ्याकडून हातउसने घेऊन भागवले होते. सतरा हजार गॅरेजचे देणे बाकी होते. पत्नीला मात्र त्यांनी वीस हजार एवढाच आकडा सांगितला होता. मुलीच्या प्रवेशाची फी तोंडावर आली होती. रोज पहाटे तीनला जाग येई आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात बेरीज-वजाबाकी चाले.

अशा वेळी मी एक प्रश्न सरळच विचारते, तसा त्यांनाही विचारला: जीव नकोसा झाल्याचा विचार मनात येतो का? ते “तसे काही नाही” म्हणाले आणि तो प्रश्न विचारल्याने थोडे सैलही झाले. तरीही रात्रीबेरात्री कधी तसे वाटले तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फोनमध्ये असू द्यावा, असे मी त्यांना सांगितले.

पहिल्या दोन भेटींत माझे चुकलेच म्हणायचे. समोर आकडे होते म्हणून मीही आकड्यांच्याच मागे लागले. कोणाचे किती, केव्हापर्यंत, व्याज कशावर, हे सर्व वहीत मांडा म्हटल्यावर त्यांनी ते प्रयोगवहीसारखे, रेघा आखून, सुरेख मांडून आणले. झोपेसाठी संध्याकाळची वीस मिनिटे केवळ काळजी करण्यासाठी ठरवून दिली आणि रात्री जाग आली तर अंथरुणात लोळत न राहता उठून दुसऱ्या खोलीत बसायला सांगितले. विम्याची कागदपत्रे वाचताना यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, हेही त्यांना पहिल्यांदाच नीट कळले. याचा उपयोग झाला नाही असे नाही. तीनची जाग साडेचारवर गेली. परंतु चेहरा होता तसाच राहिला.

तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आले की, हा माणूस हकीकत प्रत्येक वेळी गाडी बंद पडल्या क्षणापासूनच सुरू करतो. म्हणून मी म्हटले, “आज घरातून निघाल्यापासून सांगा. वाटेवरचे हातखंबा, पाली, सगळे.” ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मॅडम, काटा मला पालीतच दिसला होता.”

तापमानाचा काटा वर चालला होता. ज्या माणसाचे अर्धे आयुष्य थर्मामीटर वाचण्यात गेले, त्याला तो दिसला नसता तरच नवल. परंतु शेजारच्या आसनावर दादा बसले होते, आणि दिवाळीत ही गाडी पाहून “जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती” असे म्हणणारे दादाच होते. तेव्हा गृहस्थांनी एसी बंद केला, काचा खाली केल्या, “बाहेरची हवा काय छान आहे” असे म्हटले आणि मे महिन्याच्या त्या भट्टीत गाडी पुढे हाकली. इंजिनाची गोष्ट तशी साधी होती. रबरी पाइपातून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, गळून गेले होते. तिथेच कडेला थांबून, इंजिन बंद करून, ते पुरते गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात न लावता वाट पाहिली असती, तर बहुधा पाइप आणि कूलंट एवढ्यावरच भागले असते. तसेच दामटल्याने हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, जळाले आणि अॅल्युमिनिअमचे हेड वाकले. तेथे मिलिमीटरच्या अंशाएवढा वाकही पुरतो.

म्हणजे त्यांना जागे ठेवत होता तो बहात्तर हजारांचा आकडा नव्हे. पाली ते लांजा हा रस्ता होता. आणि ज्या संकोचाने तेथे गाडी थांबू दिली नाही, तोच संकोच पुढे गॅरेजमध्येही त्यांच्याबरोबर गेला होता. मिस्त्रींचा फोन आला, “साहेब, हेड पाठवू ना?” की हे “पाठवा” म्हणत, किती लागतील हे विचारले तर आपली ऐपत उघडी पडेल, असे त्यांना वाटे. घरीही तेच झाले होते.

मग आम्ही एकच वाक्य घोळून घेतले. मी मिस्त्री झाले, ते स्वतःच राहिले: “थांबा, काय काय केले ते वेगवेगळे लिहून द्या आणि काढलेले जुने भाग मला परत द्या.” पहिल्या खेपेला त्यांचा आवाज फुटेना. विचारणे म्हणजे समोरच्याला चोर म्हणणे नव्हे, हे मला तीनदा सांगावे लागले. हेड उघडेपर्यंत आतले काय गेले आहे हे चांगल्या मिस्त्रीलाही पुरते सांगता येत नाही, तेव्हा वाढत गेलेला आकडा म्हणजे लबाडीच, असे मी धरत नाही. आठवड्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आले. जुने गॅस्केट होते. दोन सिलिंडरांच्या मधली चिंचोळी पट्टी काळी पडून तुटलेली होती. ती त्यांनी मला बोटाने दाखवली आणि “हे बघा, इथून गेले,” असे म्हणताना त्यांच्या आवाजात प्रयोगशाळेतला माणूस प्रथमच ऐकू आला. मिस्त्रींनी न कुरकुरता हिशेब लिहून दिला होता आणि उरलेले सतरा हजार तीन हप्त्यांत घ्यायचे कबूल केले होते.

पत्नीला सांगणे याहून कठीण गेले. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. पैशांबद्दल नव्हे, वीस हजारांच्या थापेबद्दल. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ती वही पुढ्यात घेतली, सहकाऱ्याचे पैसे आधी फेडायचे असे ठरवले आणि फीसाठी आपल्या बचत गटातून किती उचल मिळेल याची चौकशी केली. शेवटच्या भेटीला दोघेही आले होते. झोप आता लागते, असे त्यांच्याऐवजी त्यांच्या पत्नीनेच सांगितले, “घोरतात,” म्हणाल्या.

जाता जाता गृहस्थांनी विचारले, “दादाला काट्याचे सांगायलाच हवे का?” अजून त्यांनी ते सांगितलेले नाही. सांगितलेच पाहिजे असे मला वाटत नाही, आणि तसे मी त्यांना स्पष्ट म्हटले. गणपतीला दादा येणार आहेत. मधल्या दिवसांत गाडीचे सगळे रबरी पाइप मात्र त्यांनी बदलून घेतले आहेत, या खेपेला आधी खर्च लिहून घेऊन.