सपाट नागपुरात राहून चिखलदऱ्याच्या दरीकाठच्या ट्रेल रनची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की रस्त्यावर 10-12 किलोमीटर आरामात होतात, आता पावसाळ्यात चिखलदऱ्याला दरीच्या काठाकाठाने एक गोल फेरी धावायची आहे, पण इथे तयारीला डोंगरच नाहीत. मी नागपूरचाच. ही फेरी दोन पावसाळे केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चढाची काळजी सोडा. चढ दमवतो, पण तो चालत चढता येतो, आणि ट्रेलवर, म्हणजे कच्च्या पायवाटांवर, चांगले मुरलेले लोकही मोठा चढ चालतच चढतात. तयारी हवी ती उताराची. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि त्याच वेळी सगळं वजन पेलून धरत असतो. सपाटीवर धावणाऱ्या पायांना ही सवय नसते. धावताना काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तेव्हा कळतं. बरं हे आहे की स्नायू हे लवकर शिकतो. उताराचा एक चांगला सराव झाला की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा दुखवत नाही.

आणि उतार नागपुरात आहेत. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सकडे चढणारा रस्ता घ्या. चालत वर जा, धावत खाली या, असं पाच-सहा वेळा. पावलं लहान आणि भराभर, अंग मागे रेलायचं नाही, टाच आपटायची नाही. आठवड्यातून एकदा पुरे. महिन्यातून दोनदा रामटेक करा. अंबाळा तलावाच्या बाजूने गडमंदिराकडे जुन्या दगडी पायऱ्या जातात. त्या एकसारख्या नाहीत, आणि तेच आपल्याला हवं आहे: प्रत्येक पायरीला पाय कुठे ठेवायचा हे डोळ्यांनी आधी ठरवावं लागतं. हातात खायचं काही ठेवू नका, माकडं सोडत नाहीत.

आता फेरीबद्दल. गोल फेरीत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गेलेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर कुठूनही मागे वळता येतं. फेरीत अर्ध्यावर पाय मुरगळला तर पुढे जा की मागे या, अंतर तेवढंच. म्हणून किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी एक सोपा हिशेब दिला होता: 5 किलोमीटरला एक तास, आणि वर चढलेल्या दर 600 मीटरला आणखी एक तास. 12 किलोमीटर आणि 400 मीटर चढ असेल तर तीन तास झाले. तुम्ही धावणार म्हणजे कमी लागेल, पण पाणी, खाणं आणि उजेड मात्र तीन तासांचा धरून निघा. रस्त्यावरचा किलोमीटरला सहा मिनिटांचा पेस तिथे नऊ-दहावर गेला तरी मनाला लावून घेऊ नका.

हवेचं सांगतो. नागपूर 310 मीटरवर आहे, चिखलदरा 1100 च्या आसपास. एवढ्या उंचीने दम लागत नाही, पण हवा साधारण पाच अंशांनी थंड असते, आणि भिजलेल्या अंगावर दरीतून वारा आला की त्याहून गार वाटतं. पातळ विंडचीटर पिशवीत असू द्या. शूजला तळाशी चार-पाच मिलिमीटरचे खोल दात हवेत. तेही चिखलातच कामाचे. शेवाळलेल्या काळ्या दगडावर कुठलाच बूट धरत नाही, तिथे चालायचं.

पहिल्या वर्षीचा प्रसंग सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. पंचबोल पॉइंटच्या अलीकडे होतो. दरी स्वच्छ दिसत होती, समोरच्या कड्यावरून तीन धारा पडत होत्या. दोन मिनिटांत खालून ढग वर आला आणि पाच फुटांपलीकडचं दिसेना. पाण्याचा आवाज चोहीकडून. वाटेच्या खुणेसारखं म्हणून मी उजव्या बाजूचं गवत धरून हळूहळू चाललो होतो. म्हशी घेऊन बसलेले एक काका ओरडले, "भाऊ, तिथंच थांबा. ढग जाऊ द्या." थांबलो. पंधरा-वीस मिनिटांनी ढग विरळ झाला तेव्हा बघितलं, माझ्यापुढे दीड हात गवत होतं, आणि ते सगळं कड्याच्या बाहेर झुकलेलं. खाली जमीन नव्हतीच. काठावरचं गवत असं फसवतं. तेव्हापासून काठापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवतो, आणि ढग आला की जिथे आहे तिथे बसतो.

दुसरं, पाय चालू असताना दरीकडे बघायचं नाही. बघायचंच आहे, त्यासाठीच तर जातो आपण! कीचकाला मारून भीमाने त्याला ज्या दरीत फेकलं असं सांगतात, जिच्यावरून गावाचं नाव कीचकदरा पडलं म्हणतात, ती दरी डोळे भरून बघण्यासारखीच आहे. पण थांबून, दोन्ही पाय टेकवून बघा. मी फेरीत सहा-सात ठिकाणी थांबतो आणि तो वेळ आधीच धरून ठेवतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चिखलदऱ्याच्या भोवती मेळघाट आहे, 1973-74 पासूनचा व्याघ्र प्रकल्प. पॉइंटना जोडणारे रस्ते आणि गावाच्या पायवाटा सोडून जंगलात पायी शिरू नका. फोनवरच्या नकाशात वाट दिसते म्हणून ती आपली होत नाही. वनविभागाच्या नाक्यावर विचारा आणि नाही म्हटलं तर मार्ग बदला. पहाटेच्या अंधारातही निघू नका, अस्वल आणि बिबट्याची ती वेळ असते. नीट उजाडलं की निघा, कानात इअरफोन नको, आणि एकटे तर मुळीच नको.

अमरावती-परतवाडा मार्गे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडतं, त्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत पोचा आणि संध्याकाळी अर्धी फेरी चालून या. निसरडे दगड, गुरांनी उखडलेली वाट, काठ कुठे जवळ येतो, सगळं बघून ठेवा. धावायचं रविवारी. दहा आठवडे हातात असतील तर तयारी निवांत होते. रविवारी सकाळी साडेपाचला आम्ही चार-पाच जण फुटाळ्याच्या चढाला असतो, नंतर तर्री पोहे ठरलेले. या.