जिनिंगमधलं 'जिन' आणि बाटलीतली 'जिन' एकच शब्द आहे काय?

नाही जी, एक नाही. तुम्ही विचारलंय की जिनिंग फॅक्टरीतलं (जिथं कापसातून सरकी काढतात) जिन अन् दारूतली जिन यांचं इंग्रजीत स्पेलिंग सेम, मग नातं आहे का. स्पेलिंग सेम आहे, खानदान वेगळं.

आमचं गाव हिंगणघाटच्या पट्ट्यातलं, सगळी कपाशीच. बाबा बंडीत कापूस भरून "जिनात चाललो" म्हणायचे अन् मला लहानपणी वाटायचं की तिथं खरंच जिन्न राहते, कारण आवाज तसाच यायचा आणि आतून बाहेर येणारी माणसं भुवया-मिशीवर रुई चिकटून पांढरी फटक झालेली. पुढे कळलं की हे जिन म्हणजे चक्क इंजिन, समोरचा 'इं' गळाला, बस! जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ हुशारी, युक्ती असा होता, मग युक्तीनं बनवलेली कोणतीही वस्तू, म्हणजे सापळा म्हणा, ओझं उचलायचं यंत्र म्हणा, सगळ्याला जिन. अमेरिकेत एली व्हिटनीनं १७९४ मध्ये सरकीपासून रुई वेगळी करायच्या मशीनचं पेटंट घेतलं, तिचं नाव कॉटन जिन. त्यात तारेचे दात होते, आपल्याकडे मात्र बहुतेक डबल रोलर, चामड्याचे रोलर रुई ओढून घेतात अन् सरकी खाली पडते. म्हणून कोणी "जिनाचं इंजिन बंद पडलं" म्हटलं की मला हसू येते, एकच शब्द दोनदा झाला ना.

बाटलीतली जिन वेगळ्या घरची. जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास देऊन डच लोक जी दारू करत ती येनेव्हर, इंग्रजांनी तिचं जिनीव्हा केलं अन् मग शेपूट कापून जिन. स्वित्झर्लंडच्या जिनीव्हा शहराचा इथं काही संबंध नाही, लोक उगाच जोडतात. लंडनात ती इतकी प्यायली जायची की १७३६ मध्ये तिच्यावर कायदा करावा लागला. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे हे वाचलेलंच सांगतोय बरं का 😄

जीन पँटचा जीन आणखी तिसरा, तो इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावावरून आलेला, कारण तसलं जाड कापड तिथून यायचं. घोड्याच्या पाठीवरचं जीन तर इंग्रजी नाहीच, फारसी आहे.

आता राहिला बीटी बियाण्यातला जीन, म्हणजे बोंडअळीला रोखायला कपाशीत घातलेला आनुवंशिक गुणाचा घटक. हा शब्द डेन्मार्कच्या योहानसेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये ग्रीकवरून काढला, अन् गंमत अशी की हाच आमच्या कापसाच्या जिनाचा दूरचा चुलतभाऊ निघाला! इंजिनमागचा लॅटिन शब्द म्हणजे जन्मजात बुद्धी, त्याचं मूळ अन् जीनचं मूळ एकच, आणि आपल्या 'जन्म'मधला जन् पण त्याच कुळातला. म्हणजे पऱ्हाटीत (कपाशीच्या झाडात) जीन, फॅक्टरीत जिन, दोघं भाऊ. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, अन् २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं त्या जीनला किती जुमानलं ते आमच्या पट्ट्यात कोणालाही विचारा.